उत्तर: स्टँडर्ड रिंगा मिळत नसतील तर ०.२५ ओव्हरसाइज घासून बसवाव्यात का?

स्टँडर्ड मापाच्या पिस्टन रिंगा मिळत नाहीत म्हणून काहीजण सुचवतात तसं ०.२५ मिमी मोठ्या (ओव्हरसाइज) रिंगा आणून टोकं घासत बसायचं, हे मला अजिबात पटत नाही. जुन्या बुलेट ३५० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी. ०.२५ ची रिंग घेतली की परिघ जवळपास ०.७९ मिमीने वाढतो, तेवढं टोक घासावं लागतं. रिंगच्या दोन टोकांमधला गॅप जमतो, पण ती रिंग ७०.२५ च्या बोअरमध्ये नीट गोल बसेल अशीच घडवलेली असते. लहान बोअरमध्ये तिचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही. रिंग बोअरमध्ये ठेवून खालून बॅटरी मारा, कडेने उजेड दिसला की समजा तिथून गॅस खाली जाणार आणि ऑइल वर येणार.

मागवण्याआधी पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा बघा (एसटीडी म्हणजे स्टँडर्ड, २५ म्हणजे ०.२५ मोठा, ५० म्हणजे ०.५० मोठा), शिवाय बोअर मोजाच, कारण आधीच्या मेकॅनिकने काय घातलंय याची खात्री नसते. बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) नसेल तर एकच नवी रिंग पिस्टनने सरळ ढकलून आधी अगदी तळाशी, न झिजलेल्या भागात, आणि मग वर रिंग फिरते तिथे बसवा. दोन्हीकडे फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) टोकांमधला गॅप मोजा. फरकाला ३.१४ ने भागलं की वरची झीज मिळते: तळाला ०.३०, वर ०.७० आला तर बोअर सुमारे ०.१३ मिमीने फाकलाय. तिथे नुसत्या रिंगा बदलणं म्हणजे पैसे वाया. पुढच्या साइजला बोअरिंग करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) पिस्टनसकट सेट घ्या. रिंगची जाडीही खाचेत तपासा, खाच सैल झाली असेल तर नवी रिंगही ऑइल वर ओढते.