मदत हवी आहे: म्युझियममधली रिसर्च इंटर्नशिप

मंडळी, एका म्युझियममध्ये रिसर्च इंटर्नशिप मिळालीये, काम प्रॉव्हेनन्सचं, म्हणजे वस्तू कुणाकडून कुणाकडे जात इथवर आली ते शोधायचं. अ‍ॅक्सेशन रजिस्टर (म्युझियममध्ये आलेल्या वस्तूंची नोंदवही), जुनी पत्रं, लिलावाचे कॅटलॉग सगळं चाळतेय पण काही नोंदींत नुसतं ‘भेट’ एवढंच, ना देणाऱ्याचं नाव ना तारीख, आणि सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा ने-आण रोखणाऱ्या १९७० च्या युनेस्को करारामुळे वस्तू त्याआधी आली की नंतर, या तारखेवरच तर सगळं अडतं. एका मूर्तीच्या तळाला अर्धवट खोडलेला नंबर आणि फाटकं लेबल आहे, त्यावरून आधीचा मालक सापडू शकतो का? रिपोर्टमध्ये अशा रिकाम्या जागा कशा दाखवता? गाईड म्हणतात अंदाजाने लिही, मला नाही पटत. आणि हो, हे काम पुढे माझ्या नावाने छापता येतं का, की ते आधीच लेखी ठरवून घ्यावं लागतं? कुणी केलं असेल तर सांगा प्लीज.