इस्तंबूल ग्रुप टूर : शुक्रवारी मशिदी कशा जमवायच्या? मदत हवी आहे

ऑक्टोबरात मी, नवरा, नणंद आणि सत्तरी पार केलेल्या सासूबाई असे ग्रुप टूरने तुर्कस्तानला निघालोय. कार्यक्रम हातात आला, तर जुन्या इस्तंबूलचा दिवस नेमका शुक्रवार. त्यात 'ब्लू मॉस्क आतून, हागिया सोफिया बाहेरून' असं छापलंय. ५३७ सालची वास्तू. आधी चर्च, १४५३ पासून मशीद, मधे म्युझियम, २०२० पासून परत मशीद. तिच्यासमोर फोटो काढून बसमध्ये बसायचं? आणि त्यानंतर गालिच्यांच्या दुकानात मुक्काम! टूर मॅनेजर म्हणतात, दुपारनंतर सुटं फिरा, रात्री हॉटेलवर या.

जाऊन आलेल्यांनी सांगा : शुक्रवारी आत कधी सोडतात? हागिया सोफियाचं परदेशी पर्यटकांना २५ युरो तिकीट आहे आणि तेवढ्यात फक्त वरचा सज्जा बघता येतो. पैसे वसूल होतात का? वर जायला दगडी चढ आहे म्हणे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. शिवाय त्या साडीच नेसणार, ड्रेसचं नावही काढू देत नाहीत. नवऱ्याच्या थ्री-फोर्थचं विचारत नाही, ती बॅगेत जाणारच नाहीये.

---

साडी खुशाल नेसू द्या. डोकं झाकायला पदर सरकतो, त्यापेक्षा स्कार्फ बरा. पोट-पाठ झाकायला वरून शाल. चपला काढाव्या लागतात, तेव्हा सगळ्यांना मोजे.

शुक्रवारी ब्लू मॉस्क पर्यटकांना दुपारी अडीचनंतरच उघडते. तोवर तोपकापी राजवाडा उरका, त्याची सुट्टी मंगळवारी असते.

हागिया सोफियाचं माझं मत : नणंद आणि तुम्ही जाच. येशू, मरियम आणि संत योहान यांचं ते प्रसिद्ध मोझेक सज्जातच आहे, आणि घुमट तिथून जवळ वाटतो. चढ लांबलचक आणि गुळगुळीत दगडांचा. सासूबाईंना नेऊ नका, बाहेरच्या चौकात बाकं आहेत.

त्यांना सुलेमानिये मशीद दाखवा, टॅक्सीने. ऑटोमन वास्तुकार मिमार सिनानने बांधलेली, १५५७ सालची, तिकीट नाही, गर्दी कमी. नक्षी ब्लू मॉस्कपेक्षा कमी, पण उजेड असा की गालिच्यावर टेकलं की उठवत नाही. मागच्या अंगणात सुलतान सुलेमान आणि त्याची बायको हुर्रेम यांच्या कबरी आहेत. भिंतींवरच्या निळ्या इझनिक फरश्यांचंच (इझनिक गावच्या नक्षीदार टाइल्स) वेड असेल, तर एमिनोनू भागातली रुस्तेम पाशा मशीद बघा. ब्लू मॉस्कमधल्या बऱ्याचशा फरश्या वर सज्ज्यात आहेत, खालून नीट दिसत नाहीत. रुस्तेम पाशा मात्र दुकानांच्या वर आहे, अरुंद जिना चढावा लागतो.

सुलेमानियेसमोर पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात देणारी जुनी हॉटेलं आहेत. तुम्ही शाकाहारी असाल तर उसळीत मांस नाही ना, एवढं आधी विचारून घ्या.