लवदार पानांचा टोमॅटो: एकाच पुडीतली काही रोपं साधी का निघतात?

गच्चीबाग टिळकवाडी
'वेल्वेट रेड' या चेरी टोमॅटोचं बी ट्रेमध्ये टाकलं होतं. २३ रोपं उगवली. त्यांतली १५ रुपेरी, लोकरीसारखी आहेत आणि ८ चक्क साधी हिरवी. बी भेसळीचं आहे का? दुसरं, एवढी लव असली की पांढरी माशी बसत नाही म्हणतात, मग औषध न मारता निभेल का? आणि रोपं आत्ताच पिशवीत लावू की पाऊस पुरता जाऊ दे?

बीजवाला चिकोडी
भेसळ नाही. दाट लवेच्या बऱ्याच जातींत 'वूली' नावाचा प्रभावी जनुक असतो. त्याची एक प्रत मिळाली की झाड लवदार होतं, दोन्ही प्रती मिळाल्या की गर्भ बीतच मरतो. म्हणजे जगलेलं प्रत्येक लवदार झाड मिश्रच (एक प्रत वूलीची, एक साधी) असणार, आणि त्याच्या बियांतून दोन लवदार, एक साधं असंच निघत राहणार. तुमचे १५ आणि ८ त्या हिशोबात बरोबर बसतात. कितीही पिढ्या निवड केली तरी हे प्रमाण सुधारत नाही, त्यामुळे 'शुद्ध केलेलं बी' म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर आधी दहा-बारा दाणे उगवून बघा. सगळ्या केसाळ जातींत हाच जनुक असतो असं मात्र नाही. 'गार्डन पीच'ची तर पानं साधीच असतात, लव फळावर.

२० लवदार रोपं हवी असतील तर ३६ बिया टाका: ८५ टक्के उगवण धरली तर ३० रोपं, त्यांतली २० लवदार. निवड पहिली दोन खरी पानं आल्यावर करा. दलांवरून, म्हणजे उगवताना येणाऱ्या पहिल्या जोडपानांवरून ठरवू नका, फसायला होतं.

निपाणीकर
माशीबद्दल जे ऐकलंय ते अर्धंच खरं. किडीला अडवते ती चिकट ग्रंथी असलेली लव. जंगली टोमॅटोच्या काही जातींत तिच्यातून कीटकांना मारक द्रव्यं येतात. नुसती लांब, दाट लव म्हणजे कवच नव्हे. कपाशीत तर केसाळ पानांवरच पांढरी माशी जास्त सापडते. ती आली की बोकड्या, म्हणजे पानं गुंडाळणारा विषाणू रोग, आलाच. रोपं ४० मेशच्या (बारीक छिद्रांच्या) जाळीत वाढवा, बाहेर काढल्यावर पिवळे चिकट सापळे लावा.

फवारणीत खरी गंमत आहे. थेंब लवेच्या टोकांवर तरंगतो, पानाला लागतच नाही. सिलिकॉन स्प्रेडर (थेंब पानावर पसरवणारं द्रव) लिटरला ०.३ ते ०.५ मिली, तोही द्रावण तयार झाल्यावर शेवटी घाला. जास्त झाला तर द्रावण ओघळून जातं आणि पानाच्या कडा भाजतात. नोझल बारीक तुषाराचं, मारा खालून वर. पावडरीची औषधं शक्यतो टाळा, पांढरा थर लवेत अडकतो आणि शोभा जाते. ५ टक्के निंबोळी अर्क गाळून संध्याकाळी मारला तर चालतो.

आमच्या भागासाठी एक खास: तंबाखूला हात लावून या झाडाला शिवू नका. मोझॅकचा विषाणू हातावरून येतो आणि मोडलेल्या केसातूनही आत शिरतो. इथे केसच जास्त, मोडणारेही जास्त. विडी, मिश्री, तंबाखूची पुडी काहीही असो, आधी साबणाने हात धुवा. कुरवाळायचा मोह होतो, तोही आवरा.

घाटाखालचा खानापूर
निपाणीकर म्हणतात ते होय की, पण बेळगाव-खानापूरकडे माशीपेक्षा ओलावा आधी मारतो. लवेत पाणी अडकलं की पान लवकर सुकत नाही आणि करप्याला, म्हणजे पानं करपवणाऱ्या बुरशीला, तेवढंच हवं असतं. बी सप्टेंबरअखेर टाकावं, २५ ते ३० दिवसांनी परतीचा पाऊस सरला की लावावं. आत्ता रोपं तयार असतील तर मोठ्या कपात हलवा, पण उघड्यावर नको. गच्चीवर वरून २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, चारी बाजू मोकळ्या. पाणी बुडाशीच, सकाळी. खालची फूटभर पानं वाळल्या दुपारी काढा.

पिशवी १८-२० लिटरची. लाल माती दोन भाग, मुरलेलं शेणखत एक, कोकोपीट एक. आपल्या जांभ्या मातीला ५० ग्रॅम डोलोमाइट पिशवीमागे. ऊन निदान सहा तास हवं, सावलीत झाड लांबुडकं होतं आणि रुपेरी झाक फिकी पडते. मार्चनंतर दुपार ३५ अंशांपुढे गेली की फुलं गळतात, पुढे वळीव असतोच.

गच्चीबाग टिळकवाडी
आभारी आहे सगळ्यांची. ती ८ साधी रोपं टाकून देऊ का?

बीजवाला चिकोडी
कशाला? फळ त्याच जातीचं लागतं, आणि फवारणीला ती सोपी. फक्त वेगळी खूण बांधा, कारण त्यांच्या बियांतून लवदार रोप सहसा येणार नाही. बी धरायचं ते लवदार झाडाचंच. गर आणि बी दोन दिवस आंबवा, धुवा, सावलीत सुकवा.