मदत हवी आहे: संजय गांधी निराधार आणि लाडकी बहीण यांच्या घोळात थोरल्या बहिणीचे पैसे अडकलेत

भीमथडी

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो. वय सत्तेचाळीस, लग्न झालेलं नाही, आईबरोबर गावी राहते. लहानपणी पोलिओ झाला. ६५ टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे, यूडीआयडी कार्डही (केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) आहे. बऱ्याच वर्षांपासून तिला संजय गांधी निराधारचा पगार चालू होता. तो जिल्हा बँकेतल्या खात्यात यायचा. मी पुण्यात नोकरीला, सुट्टी मिळेल तसा जातो.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. गावातल्या सगळ्या बायकांचे फॉर्म एका दमात भरले गेले, त्यात अक्काचाही भरला. तेव्हाच पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं उघडलं आणि लाडकी बहीणचे पैसे त्यात येऊ लागले. इकडे निराधारचा पगारही जिल्हा बँकेत येत होता. काही महिने दोन्ही आले.

मग २०२५ च्या सुरुवातीला लाडकी बहीणचे बंद झाले. ते कळण्यासारखं आहे, दोन्ही घेता येत नाहीत असं नंतर ऐकलं. पण त्याच सुमारास निराधारचाही पगार थांबला. जिल्हा बँकेच्या पासबुकावर डिसेंबर २०२४ नंतर व्याजाच्या नोंदीखेरीज काही नाही. तहसीलला गेलं की म्हणतात, "आमच्याकडून पैसे गेलेत, बँकेत विचारा." बँकेत गेलं की म्हणतात, "आमच्याकडे आलेच नाहीत, तहसीलला विचारा." हयातीचा दाखला दिला, आधारची झेरॉक्स दिली, उत्पन्नाचा दाखला दिला. प्रत्येक खेपेला अक्काला रिक्षा करून न्यावं लागतं आणि ती शाखा पहिल्या मजल्यावर आहे.

माझे प्रश्न:
पैसे नेमके कुठे अडकलेत हे कसं शोधायचं?
लाडकी बहीणचे जे महिने दोन्ही मिळाले त्याची वसुली होईल का? आई त्या धास्तीने झोपत नाही.
दिव्यांगांना निराधारचे ऑक्टोबर २०२५ पासून महिना २५०० झालेत म्हणतात, ते अक्काला लागू होतील ना? आणि लाडकी बहीणची ई-केवायसी करून घ्या असं गावात एक जण सांगतोय, करावी का?

रानजाई

दादा, ई-केवायसी अजिबात करू नका. लाडकी बहीणच्या शासन निर्णयातच लिहिलंय की दुसऱ्या विभागाच्या योजनेतून महिना १५०० किंवा जास्त मिळत असतील तर ती महिला अपात्र. अक्कांचा हक्क आता २५०० चा आहे. १५०० च्या मागे लागून २५०० ची वाट बंद करून घेऊ नका.

वसुलीचं म्हणाल तर आईंना सांगा, निर्धास्त झोपा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनीच जाहीर केलं होतं की संजय गांधी योजनेतल्या २ लाख ३० हजार महिला लाडकी बहीणमधून वगळल्या आहेत, आणि आधी दिलेली रक्कम परत घेतली जाणार नाही. अक्का त्याच यादीतल्या असणार.

तिफण

मी सेतू केंद्रात काम करतो, असे लोक रोज येतात. तुमच्या अक्कांचे पैसे बहुतेक अडकलेले नाहीत, दुसऱ्या दारात पडलेत.

पूर्वी काय व्हायचं? तहसीलमधून लाभार्थ्यांची यादी आणि धनादेश बँकेत जायचा, यादीत नावापुढे खाते क्रमांक असायचा, बँक त्या खात्यात रक्कम टाकायची. डिसेंबर २०२४ पासून हा पगार डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट लाभार्थ्याच्या खात्यात, देणं सुरू झालं. आता यादीतला खाते क्रमांक बघितलाच जात नाही. पैसे आधार क्रमांकावर सुटतात. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था, तिच्याकडे एक नोंदवही असते, तिला मॅपर म्हणतात. तुमच्या आधारपुढे त्या नोंदवहीत ज्या बँकेचं नाव असेल, तिथे पैसे जातात. आणि एका आधारपुढे एकच बँक असते, जिथे शेवटची संमती दिली ती.

अक्कांनी २०२४ मध्ये पोस्टाचं खातं उघडलं ना? तेव्हा अंगठा लावताना आधार सीडिंगची, म्हणजे आधार त्या खात्याला जोडण्याची, संमतीही घेतली गेली असणार. म्हणजे मॅपरमध्ये जिल्हा बँक गेली आणि पोस्ट आलं. डिसेंबरपर्यंत जुन्या पद्धतीने यादीवरून जिल्हा बँकेत येत राहिलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. यादी बंद झाली तसा पगार पोस्टाकडे वळला. तारखा बघा, तंतोतंत जुळतात. तहसीलवाले खोटं बोलत नाहीत आणि बँकवालेही. फक्त मधलं कुणी बघितलं नाही.

मायआधारच्या संकेतस्थळावर जा, अक्कांच्या आधारने लॉगिन करा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येईल. आत 'बँक सीडिंग स्टेटस' आहे. त्यात बँकेचं नाव, सक्रिय की निष्क्रिय आणि शेवटची तारीख दिसते. मोबाइल जोडलेला नसेल तर बँकेतही कळतं.

भीमथडी

@तिफण, बसल्या बसल्या बघितलं. अक्काच्या आधारला माझाच नंबर आहे. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक, सक्रिय, तारीख ऑगस्ट २०२४.

लाडकी बहीणचे बंद झाले म्हणून त्या खात्याकडे वर्षभर कुणी फिरकलंच नाही. पोस्टमनदादांना फोन करतो.

सुमेधा_को

दादा, पैसे सापडले तरी तिथेच थांबू नका, माझ्या मामांचं जे झालं ते सांगते.

मामांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. तेही संजय गांधीत होते. पासष्ट पूर्ण झाल्यावर त्यांना श्रावणबाळ योजनेत वर्ग केलं. त्या बदलात मधले दोन हप्ते आले नाहीत, आणि आले तेव्हा १५०० च आले. २५०० हे श्रावणबाळमधल्या दिव्यांगांनाही आहेत, निर्णयात दोन्ही योजनांची नावं आहेत. पण वर्ग करताना त्यांची नोंद नुसती 'वृद्ध' अशी झाली होती. दिव्यांग हा रकानाच रिकामा. यूडीआयडी क्रमांक घालून घेतला तेव्हा कुठे रक्कम बदलली.

अक्कांचं तसंच असू शकतं. संजय गांधीत निराधार, विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी, दिव्यांग असे बरेच प्रवर्ग एकत्र आहेत. अविवाहित स्त्री म्हणून नाव लागलं असेल तर पगार चालू राहील, पण १५०० वर. तहसीलच्या संगांयो (संजय गांधी योजना) शाखेत नायब तहसीलदारांच्या टेबलावर संगणकावरच प्रवर्ग बघायला सांगा. तोंडी "आहे हो दिव्यांग" यावर परतू नका.

आबा

रानजाईताईंचं बरोबर आहे, त्यात एक भर. हे २५०० म्हणजे मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २४. त्यात स्पष्ट आहे की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. म्हणजे इतरांना १५०० तर दिव्यांगांना निदान १८७५ पाहिजेत. जुलै २०२३ पासून सगळ्यांना सरसकट १५०० मिळत होते, कायदा येऊन साडेसहा वर्षं झाली होती तेव्हा. जून २०२५ मध्ये मोझरीला बच्चू कडूंनी उपोषण केलं, मागणी दरमहा ६००० ची होती. सप्टेंबरात मंत्रिमंडळाने हजाराची वाढ दिली, ऑक्टोबरपासून लागू. म्हणून ऑक्टोबरपासूनचा महिना हजाराचा फरक हा अक्कांचा थकलेला पैसा आहे. अर्जात 'विनंती' लिहा, पण कलमही लिहा.

मी स्वतः कॅलिपर लावून चाळीस वर्षं कचेऱ्यांचे जिने चढलोय. पहिल्या मजल्यावरच्या शाखेत बाईमाणसाला रिक्षाने नेणं बंद करा. कुणालाही पत्र देऊन पाठवा, नाहीतर पोस्टाने रजिस्टर करा. हयातीसाठी गावातल्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या तलाठ्याला, घरी या म्हणून सांगा. येतात. सांगितलं तर येतात.

भीमथडी

मंडळी, काय बोलू. पोस्टमनदादा आज दुपारी घरी आले. अक्काने ओट्यावर बसून मशिनवर अंगठा लावला, पहिल्यांदा आला नाही, बोट पुसून पुन्हा लावला. शिल्लक आली. जवळजवळ वर्षभराचा पगार त्या खात्यात जमा आहे. आई रडायलाच लागली. औषधाचे उसने घेतले होते, त्यासाठी दहा हजार काढले, बाकी तिथेच ठेवलेत.

दादांनी छोटं स्टेटमेंट काढून दिलं, त्याचा फोटो माझ्याकडे आलाय. सुमेधाताई, तुमचा अंदाज खरा ठरला. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये आलेले हप्तेही १५०० चेच आहेत. शिवाय मध्ये दोन महिने काहीच जमा नाही.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आधार परत जिल्हा बँकेला जोडू का? आणि गाळलेले दोन महिने आपोआप येतील का?

तिफण

जोडू नका! पोस्टमन घरी येऊन पैसे देतोय, याहून सोयीची बँक अक्कांना मिळणार नाही. शिवाय हप्ता प्रक्रियेत असताना मॅपर बदलला की पैसे मध्येच लटकतात. हौसेने रोज बँक बदलणारे लोकच जास्त फसतात. घरातल्या कुणी नवं खातं उघडताना अंगठा मागितला तर आधी विचारा, सीडिंग करताय का. नको असेल तर नको म्हणून सांगता येतं.

गाळलेल्या महिन्यांसाठी थांबून राहू नका, लेखी मागा. दोन शक्यता आहेत. एक, त्या महिन्यांत यादीत नावच नव्हतं, हयातीचा दाखला नोंदवायचा राहिला वगैरे. दोन, पैसे सुटले आणि परत आले. दोन्हीचे उपाय वेगळे. पहिल्यात तहसीलने फरकाचं बिल करायला हवं, दुसऱ्यात तो हप्ता पुन्हा पाठवायला हवा. म्हणून अर्जात हे विचारा: "अमुक महिन्याचे अनुदान मंजूर यादीत होते काय, असल्यास व्यवहाराची स्थिती व परत आल्याचे कारण कळवावे." कारणाचा शब्द हातात आला की अर्धं काम झालं.

रानजाई

आणि लाडकी बहीणमधलं नावही कागदावर बंद करून घ्या. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकारी कार्यालयात साधा अर्ज: मला संजय गांधी योजनेतून दिव्यांग म्हणून लाभ मिळतो, माझे नाव लाडकी बहीण योजनेतून कायमचे कमी करावे. पोच घ्या. उद्या कुठल्याही छाननीत 'दुबार लाभार्थी' म्हणून निराधारचाच पगार कुणी रोखला, तर हा कागद पुढे करता येईल. माझ्या नणंदेच्या बाबतीत नेमकं तेच झालं, चुकीच्या योजनेतून नाव उडवलं.

भीमथडी

दोन्ही अर्ज लिहिलेत, चुलतभाऊ उद्या देऊन येईल. संगांयो शाखेच्या अर्जात तीन मागण्या घातल्यात: प्रवर्ग दिव्यांग करून यूडीआयडी नोंदवणे, ऑक्टोबरपासूनचा फरक, आणि गाळलेल्या दोन महिन्यांची स्थिती. सोबत स्टेटमेंट, सीडिंगच्या पानाची प्रत, यूडीआयडीची प्रत. आबा, कलम २४ लिहिलंय.

उत्तर आलं नाही तर?

आबा

आधी 'आपले सरकार'च्या तक्रार निवारण पोर्टलवर टाका, पोचेचा फोटो जोडून. तेवढ्याने बऱ्याचदा हलतं. नाही हललं तर माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. आपल्याकडे दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, तेव्हा गाऱ्हाणं लिहू नका, फक्त मागणी: महिनावार मंजूर रक्कम, वितरणाचा दिनांक, व्यवहाराची स्थिती. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तरीही दिव्यांग म्हणून हक्क डावलला जातोय असं दिसलं तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, तिथे कायद्याखाली तक्रार करता येते. वकील लागत नाही.

कण्हेर

धाग्यात घुसतेय, माफ करा. माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग. त्याचा संजय गांधीचा अर्ज मंजूर झालाय, पण तो सही करू शकत नाही म्हणून बँक खातं उघडून देत नाहीये. खात्याविना आधार जोडणार कसं?

सुमेधा_को

ताई, मुलगा अठराच्या वर आहे म्हणून आई असूनही बँक तुम्हाला आपोआप पालक धरत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. त्यांच्याकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करा. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुदिव्यांगत्व या चारांसाठी ही सोय आहे. ते प्रमाणपत्र बँकेने मानायचं असं रिझर्व्ह बँकेनेही बँकांना कळवलेलं आहे. खातं मुलाच्या नावाने, चालवणार तुम्ही. आधार मुलाचंच जोडायचं, तुमचं जोडू नका, नाहीतर पगार सुटेल पण पोचणार नाही. समितीची बैठक कधी आहे ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा आणि तोपर्यंत तहसीलला पत्र देऊन ठेवा की खातं उघडण्याची प्रक्रिया चालू आहे, मंजुरी रद्द करू नये.