आईचे दात साफ करून घ्यावेत की नाही? शनिवारपूर्वी उत्तर हवे आहे

अलकनंदा_क:
आईला येथील, म्हणजे नाशिकच्या, दंतवैद्यांनी शनिवारी स्केलिंगसाठी बोलावले आहे. माझ्या आत्याचे दात साफ केल्यानंतर हलू लागले आणि वर्षभरात त्यांतले दोन काढावे लागले, त्यामुळे आई यायलाच तयार नाही. दुखत काही नसताना पैसे कशाला घालवायचे, हेही तिचे म्हणणे आहे. स्केलिंगने दात सैल होतात का, एवढेच मला विचारायचे आहे. हो किंवा नाही, असे उत्तर द्यावे. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ पक्की करायची आहे.

माधव_वाई:
ताई, आईंचे वय, मधुमेह, चालू असलेल्या गोळ्या, हिरड्यांतून रक्त येते का आणि यापूर्वी दात केव्हा दाखवले होते, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. एवढ्यावर हो किंवा नाही कोणी सांगावे?

ओसरी:
नाही, होत नाहीत. मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा दात साफ करून घेतले, तेव्हा खालच्या पुढच्या दातांच्या मागून निघालेला कीटणाचा एक तुकडा डॉक्टरांनी मला चिमट्यात धरून दाखवला. तांदळाच्या कणीएवढा, पिवळट-काळा आणि नखाने दाबला तरी न फुटणारा. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडे उघडतात, म्हणून तेथे कीटण लवकर साचते, आणि ते एकदा टणक झाले की ब्रशने निघत नाही. ते हिरडीखाली उतरले की दाताभोवतीचे हाड हळूहळू झिजते, आणि अशा दातांना पुष्कळदा कीटणानेच एकमेकांशी बांधून ठेवलेले असते. ते काढल्यावर फट दिसते, दात हलतो आणि दोष साफ करणाऱ्याच्या माथी येतो. आत्याबाईंचे असेच झाले असावे. मला चार दिवस थंड पाणी झोंबले, इतकेच.

आबा_सातारकर:
आमच्या वडिलांनी जन्मात दंतवैद्याचे तोंड पाहिले नाही आणि ऐंशीव्या वर्षी ते ऊस दाताने सोलत असत. रोज सकाळी तिळाच्या तेलाच्या गुळण्या कराव्यात. फ्लोराइडच्या टूथपेस्टमुळेच दात खराब होतात. आमच्या एका नातलगाचे दात त्यानेच पिवळे पडले.

वऱ्हाडी_पाहुणा:
आबा, मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे. आमच्याकडच्या काही गावांत दातांवर तपकिरी पट्टे दिसतात, पण ते बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे. लहानपणी पक्के दात हिरडीत घडत असताना वर्षानुवर्षे ते पाणी पोटात गेले म्हणून. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. थुंकून टाकायच्या पेस्टची त्याच्याशी गल्लत करू नये. मोठ्या माणसाचे दात घडून झालेले असतात, त्यांवर पेस्टने पट्टे उमटत नाहीत. उलट फ्लोराइडमुळे दात किडण्यास आळा बसतो.

आबा_सातारकर:
गुळण्यांबद्दल आपण काहीच बोलला नाहीत.

मैना_खिडकीतली:
थोडे अवांतर होईल, पण घरात सहा-सात वर्षांचे मूल असल्यास सर्वांत मागच्या दाढा अवश्य पाहाव्यात. त्या दुधाच्या नसतात. एकही दात न पडता मागे नव्याने येतात, म्हणून आम्हाला कळले नाही आणि लेकीची पक्की दाढ किडेपर्यंत आम्ही ‘पडेल आपोआप’ म्हणत राहिलो. त्या दाढांच्या खाचा वेळीच भरून घेता येतात, हे आम्हाला नंतर समजले.

अलकनंदा_क:
मैनाताई, धन्यवाद, पण माझा प्रश्न आईचा आहे. माधवराव, तिचे वय ६१ असून मधुमेह नऊ वर्षांपासून आहे. हृदयात स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. सकाळी मशेरी लावते, पण ती लहानपणापासूनच, म्हणून वेगळे लिहिले नाही. ती गोळी दोन दिवस बंद ठेवावी का?

ओसरी:
हे सारे पहिल्याच परिच्छेदात यायला हवे होते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर १९९२ पासून बंदी आहे, ती उगाच नव्हे. तंबाखूने हिरडीतून रक्त येण्याचे प्रमाण कमी होते, त्यामुळे आतून रोग वाढत असला तरी वरून ठीक वाटते. आईंचे ‘दुखत नाही’ या आजारात फारसे कामाचे नाही.

माधव_वाई:
गोळी कदापि स्वतःच्या मनाने बंद करू नये. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका हिरडीतल्या थोड्या रक्तापेक्षा फार मोठा आहे. गोळ्यांची चिठ्ठी आणि साखरेचा अलीकडचा अहवाल दंतवैद्यांना आधी दाखवावा, आणि गरज वाटल्यास त्यांनीच हृदयाच्या डॉक्टरांशी बोलावे. साखर चढी असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात येणे अवघड होते, म्हणून आईंनी वर्षातून दोनदा तरी तपासून घ्यावे. गालाच्या आतून पांढरा चट्टा आहे का, हेही त्याच वेळी पाहून होईल.

अलकनंदा_क:
दंतवैद्यांना फोन केला. गोळी चालूच ठेवायची आहे आणि नाश्ता करून, साखरेची औषधे घेऊन सकाळच्या वेळेत यायचे आहे. साफसफाईही ते एका दिवशी न करता दोन-तीन भेटींत थोडी थोडी करणार आहेत. आई यायला तयार झाली आहे, मात्र आत्या सोबत हवी, अशी तिची अट आहे. त्या निमित्ताने आत्याच्या उरलेल्या दातांवरही नजर टाकून घ्यावी, असा माझा बेत आहे, तो मी दोघींनाही सांगितलेला नाही.

आबा_सातारकर:
तेलाचे सांगितलेत का आईंना?