फ्लाइट आधी लेट, मग रद्द: रिफंडची लिंक दाबू का?

जालनेकर
चिकलठाण्याहून रात्री साडेआठची मुंबई फ्लाइट, प्रवासी आई-बाबा. वेळेत चेक-इन झालेलं. आधी साडेनऊ सांगितलं, मग पावणेअकरा, आणि सव्वाअकराला थेट रद्द. काउंटरवाले कारणही धड सांगायले नाहीत, नुसतं ‘ऑपरेशनल’. पाण्याच्या बाटलीपलीकडे काही दिलं नाही. तिकीट गावातल्या एजंटाकडून काढलेलं. मुंबई-कोची वेगळ्या पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) होतं, तेही गेलं. आता रिफंडची लिंक आलीय. दाबावी का? भरपाई किती मिळते?

सिडको_एन५
थांबा दादा, आधी कंपनीला एक मेल टाका. नियम डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) सीएआर या नियमावलीत आहे: सेक्शन ३, सिरीज एम, भाग ४. त्यात लेट आणि रद्द यांचे हिशेब वेगळे आहेत. देशांतर्गत फ्लाइट नुसती लेट झाली तर रोख भरपाई नाही. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला २ तास उशीर अपेक्षित असेल तर खाणं-पिणं, ६ तासांपेक्षा जास्त असेल तर पर्यायी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड. रात्री ८ ते पहाटे ३ मधली फ्लाइट ६ तासांहून जास्त लांबली तर हॉटेलही. तुमची रात्री अडीचच्या पुढे ढकलली असती तर खोली द्यावी लागली असती.

रद्द झाली आणि वेळेत कळवलं नाही, तर तुम्हाला चालेल अशी पर्यायी फ्लाइट, नाहीतर पूर्ण रिफंड आणि वर भरपाई. १ तासापर्यंतच्या फ्लाइटला ५,००० रुपये, १ ते २ तासांना ७,५००, त्यापुढे १०,०००. पण ‘किंवा एकेरी बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्ज, यातलं जे कमी असेल ते’ अशी मेख आहे. बेसिक आणि फ्युएल चार्ज मिळून ३,२०० होत असतील तर तेवढेच हातात पडतील. कर, यूडीएफ (विमानतळाची युजर फी) त्या हिशेबात धरत नाहीत.

लिंक दाबली की पर्यायी फ्लाइट विसरा. रिफंडच हवा असेल तर मेलमध्ये साफ लिहा: ‘रिफंड स्वीकारत आहे, भरपाईचा दावा सोडलेला नाही.’ मग खुशाल दाबा.

परभणीकर
जेवण तर कोणत्याही परिस्थितीत द्यावंच लागतं ना?

सिडको_एन५
नाही हो. धुकं, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), दंगल, संप असं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर त्यातूनही सूट आहे. पण इथे पावणेअकराचा मेसेज आला तेव्हाच उशीर सव्वादोन तासांचा झाला होता. कारण हाताबाहेरचं नसेल तर त्याच वेळी खाणं द्यायला हवं होतं.

खिडकीची_सीट
सगळी लढाई कारणावरच असते. ‘ऑपरेशनल’ हे कारण नव्हे, पडदा आहे. काउंटरवर कारणासहित लेखी मागायला हवं होतं, आता मेलने मागा.

सोबत स्वतःही तपासा. आपल्याकडे येणारं विमान बहुतेक दुसरीकडून येऊन वळतं. फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर त्या दिवशीचा विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर काढा, व्हीटी-ने सुरू होतो. सकाळपासून ते कुठे कुठे गेलं आणि कुठल्या टप्प्यावर मागे पडलं ते दिसतं. मग दोन्ही विमानतळांचे त्या तासांचे मेटार, म्हणजे हवामानाचे अहवाल बघा. व्हिजिबिलिटी चांगली, बाकीच्या फ्लाइट उतरतायत, आणि तुमचंच विमान दुपारपासून मुंबईत उभं असेल, तर हवामानाची सबब टिकत नाही. तांत्रिक बिघाडाचंही नाव नियमातल्या सवलतींच्या यादीत नाही. स्क्रीनशॉट आजच घ्या, फुकटात जुना डेटा फार दिवस दिसत नाही.

अंबड_रोड
दोन गोष्टी राहिल्या. तिकिटावर मोबाइल नंबर कुणाचा आहे? आपल्याकडचे एजंट सर्रास स्वतःचा टाकतात. संपर्काची पुरेशी माहिती दिली नसेल तर कंपनी भरपाई नाकारू शकते, ही पळवाट नियमातच आहे. रिफंडही एजंटाच्या खात्यात जाऊन बसतो. एजंटामार्फत काढलं तरी रिफंड देण्याची जबाबदारी कंपनीचीच, पण एजंटाला आज फोन करून ठेवा.

कोचीचं: वेगळा पीएनआर म्हणजे पहिल्या कंपनीच्या लेखी ती फ्लाइट नाहीच. दोन्ही एकाच तिकिटावर असत्या तर हुकलेल्या कनेक्शनचीही जबाबदारी होती. तरी नो-शो (प्रवासी आलाच नाही) म्हणून सगळंच बुडालं असं समजू नका. नॉन-रिफंडेबल तिकिटावरही सरकारी कर आणि यूडीएफ परत मिळतो. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, एवढंच.

जालनेकर
नंबर एजंटाचाच निघाला. पण मेसेज त्याने लगेच फॉरवर्ड केले होते.

अंबड_रोड
मग चांगलंय. ते फॉरवर्ड जपा, वेळेसकट. संपर्क होत होता हे त्यातूनच सिद्ध होतं. बोर्डिंग पास फाडू नका.

पुढची पायरी: आधी कंपनीचा नोडल (तक्रारी बघणारा) अधिकारी, मग अपिलीय अधिकारी; नावं वेबसाइटवर असतात. दाद नाही मिळाली तर एअरसेवा, म्हणजे विमान प्रवासाच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल. तिथून तक्रार कंपनीकडेच परत जाते, पण उत्तर लेखी येतं. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे जालन्यातच दाखल करता येतं, मुंबई-दिल्लीला जायचं काम नाही. मुदत २ वर्षं, आणि तिकिटासारख्या रकमेला फी शून्य. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन होतं. जेवणाची, रात्रीच्या टॅक्सीची बिलं असतील तर तीही जोडा. बिल नसलेला खर्च तिथे मांडणं अवघड जातं.