पगारी प्रॉडक्शन की बिनपगारी संपादकीय?

समासातली_टीप:
एमए संपत आलंय, संपादक व्हायचंय. दोन प्रकाशनसंस्थांकडून इंटर्नशिपला बोलावणं आहे. एकीकडे मानधन मिळेल, पण काम प्रॉडक्शन विभागात, म्हणजे पुस्तकाची मांडणी, प्रूफं, छपाई. दुसरीकडे थेट संपादकीय विभाग, पण पैसे नाहीत, ‘अनुभव मिळेल’ म्हणतात. घरचे म्हणतात पगारी घे, मन म्हणतं संपादकीय. काय करू?

खिळेजुळारी:
पगारी घ्या. मीही प्रॉडक्शनमधूनच आत आलो आणि आज संपादन करतो.

पैसे देणारा माणूस तुमच्या वेळाचा हिशेब ठेवतो, त्यामुळे कामही देतो. फुकट आलेल्या मुलाला काय द्यायचं हे बऱ्याचदा कुणी ठरवलेलंच नसतं. मग झेरॉक्स काढा, पाकिटांवर पत्ते चिकटवा.

प्रॉडक्शनमध्ये मला पहिल्यांदा मिळालं ते एका पुस्तकाचं दुसरं प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत. मजकूर 210 पानांवर गेला होता. फर्मा (एकत्र छापून घडी घालायचा मोठा कागद) 16 पानांचा, म्हणजे 13 फर्म्यांची 208 पानं. वरच्या दोन पानांसाठी आणखी कागद कोण घालणार? दोन प्रकरणांच्या शेवटच्या पानांवर चार-पाचच ओळी होत्या; त्या मागच्या पानांत बसवल्या की दोन पानं वाचणार होती. ज्या परिच्छेदांची शेवटची ओळ एका शब्दाची होती, ते हुडकून ओळी वर ओढायच्या, आणि कुठे शब्द गाळावाच लागला तर लेखकाला विचारून. मग अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे पुन्हा ताडून बघायचे. याला संपादन नाही तर काय म्हणायचं?

दुसरी_आवृत्ती:
अर्धंच पटलं. प्रॉडक्शनला चिकटलात की तिथलेच होऊन जाता. आमच्याकडे संपादकीय जागा निघाली की आधी संपादकीयच्या इंटर्नला विचारतात.

खिळेजुळारी:
हे खरं आहे, नाकारत नाही. म्हणून रुजू होण्याआधीच विचारून घ्या: वाचायला आलेल्या हस्तलिखितांवर टिपण लिहायला मिळेल का? पुढे जागा निघाली तर अर्ज करता येईल का? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

बिनपगारीवर माझा राग आहे तो वेगळ्याच कारणासाठी. सहा महिने घरून खर्च चालवणं ज्यांना परवडतं तेच आत येतात, आणि उद्या कोणतं पुस्तक छापायचं हे तेच ठरवतात.

मलपृष्ठ:
आणखी एक. हक्कविक्री (अनुवाद वगैरेंचे हक्क विकणं) आणि मेटाडेटाची (पुस्तकाच्या माहितीच्या नोंदी) कामंही सोडू नका. छापील प्रतीला एक आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक), ई-बुकला दुसरा. 2007पासून तो 13 आकडी आहे आणि शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून काढलेला पडताळणीचा असतो. हे कंटाळवाणं वाटतं, पण नोंद चुकली की पुस्तक दुकानदाराला शोधूनही सापडत नाही. ही कामं येणारी माणसं कमी, त्यामुळे तिथे जागाही लवकर निघतात.

समासातली_टीप:
आभार सगळ्यांचे. प्रॉडक्शनवाल्यांना आजच मेल टाकते, हस्तलिखितांचं विचारूनच.

खिळेजुळारी:
मानधन महिन्याला मिळणार की शेवटी एकरकमी, तेही लेखी घ्या.